काही न करण्याचं वचन

तुमच्यातल्या धाकटीच्या मेलला उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. तिच्या वसतिगृहातली एक मैत्रीण दर रविवारी कुठल्याशा ख्रिस्ती मंडळीत जाते. त्या मैत्रिणीने कॅल्व्हिनपंथाचे पाच सिद्धांत सांगितले आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून एका फुलाचं नाव तयार होतं, हेही सांगितलं. धाकटी लिहिते, "आत्याआजी त्यांच्यातलीच होती ना? ऐकायला भयंकर वाटतं. पण आजी, तिला त्याचा आधार वाटायचा का?"

मी पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. प्रश्न आला की मुद्दे काढायचे, एकेका मुद्द्याला एक परिच्छेद, ही माझी सवय. या प्रश्नाला तसं उत्तर लिहून पाहिलं आणि फाडलं. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते. थोरल्याला मराठी वाचता येत नाही, त्याने आपल्या बाबांकडून वाचून घ्यावं. अवघड शब्दाला हसू नये.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण घरच्या रीतीप्रमाणे मी तिला 'वन्सं' म्हणून अहो-जाहो करायची आणि ती मला 'वहिनी' म्हणून अगं-तुगं. आपलं घराणं म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेतल्या घोडेस्वारांचं. चार पिढ्या तिथेच गेल्या. देव्हाऱ्यात तुळजाभवानी आणि चामुंडी शेजारीशेजारी आणि तोंडी निम्मी मराठी, निम्मी कन्नड. अशा घरातली ही मुलगी हुणसूरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. रोज सकाळच्या बसने जायची, संध्याकाळच्या बसने यायची. तिथल्याच एका ख्रिस्ती शिक्षकाशी तिने लग्न केलं आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या आप्पांनी, पुढची अकरा वर्षं तिचं नाव घेतलं नाही.

लोक म्हणायचे, लग्नासाठी धर्म सोडला. तसं नव्हतं. लग्नाच्या दोन वर्षं आधीपासून ती बसमध्ये एक पातळ इंग्रजी पुस्तिका वाचत होती. नुसती प्रश्नोत्तरं. तिने मला एकदा सांगितलं, "गणितासारखं होतं ते, वहिनी. पहिली ओळ मान्य केली की शेवटच्या ओळीपर्यंत जावंच लागतं. आणि पहिली ओळ मला खोडता आली नाही."

"पहिली ओळ कुठली?"

"की माणूस मुळातून बिघडलेला आहे."

तिची मंडळी लहान होती, तीस-पस्तीस माणसांची. एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये जमायची. तिथे क्रूस नाही, चित्र नाही, मेणबत्ती नाही, वाजवायची पेटीसुद्धा नाही. कन्नडमध्ये स्तोत्रं म्हणायची, एक तासभर प्रवचन ऐकायचं आणि जिना उतरायचा. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. बाहेर आल्यावर म्हटलं, "वन्सं, देव कुठे ठेवलाय तुमचा?" ती म्हणाली, "ठेवत नाही गं. ठेवला की आपण त्याची जागा ठरवायला लागतो."

तिला एकच मुलगा. तुम्हा दोघांना त्याने कॅरम शिकवला होता, आठवत असेल. तो लहानपणी त्या हॉलमध्ये बसला, पण पंचवीस-सव्विसाव्या वर्षी जायचं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. रविवारी उशिरापर्यंत झोपायचा. ती उठवायला गेली की पांघरुणातून म्हणायचा, "आई, सगळं आधीच ठरलंय ना? मग मी झोपलोय तेही ठरलेलंच."

"झोप," ती म्हणायची. "पण तुझा नाश्ता ठरलेला नाही."

तेहेतिसाव्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर नदीकाठच्या तलकाडला गेला. वाळूवरून नदी फार शांत दिसते तिथे. पोहायला उतरला तो दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवाहाच्या खालच्या अंगाला सापडला. तिचे यजमान त्याच्या चार वर्षं आधीच गेले होते. दफन झालं आणि मी तिला आपल्या घरी आणलं, पुढच्या खोलीत; तुमचे आजोबा गेल्यापासून मी एकटीच होते.

त्या हिवाळ्यात मी तिला विचारायला लागले. सांत्वनाला गेलेल्या माणसाने असं विचारू नये, हे मला कळत होतं. पण घरात शोक करणारं माणूस आहे आणि ते कशावर टेकून उभं आहे हेच आपल्याला माहीत नाही, हे मला सहन होईना. मी विचारायची, ती उत्तरं द्यायची, वर्गात शिकवल्यासारखी, आवाज न चढवता.

माणूस मुळातून बिघडलेला म्हणजे प्रत्येक जण खुनी आहे असं नाही, म्हणाली. म्हणजे आपलं चांगलं कामसुद्धा स्वच्छ नसतं. "तू मला घरी आणलंस. चांगलं केलंस. पण त्यात थोडं असंही आहे ना की लोकांनी म्हणावं, वहिनीने केलं?" मला राग आला. मग रात्री नीट विचार केला आणि जास्त राग आला, कारण ते खरं होतं.

असा बिघडलेला माणूस स्वतःहून देवाकडे वळूच शकत नाही. म्हणून देवच काहींना निवडतो. कुणाला, कशावरून? मी विचारलं, पुढे कोण चांगलं वागणार हे बघून?

"नाही. तसं असतं तर ती निवड कसली, बक्षीस झालं."

"मग कशावरून?"

"सुम्ने," ती म्हणाली. तुम्हाला माहीत आहे हा शब्द, तुमच्या बाबांना विचारलं की 'का रे रडतोस', तर ते लहानपणी हेच म्हणायचे. उगीच. काही कारण नसताना. "आपल्यात कारण नाही, वहिनी. कारण त्याच्याकडे आहे आणि ते तो सांगत नाही."

ज्याला निवडलं त्याला तो ओढून आणतो आणि त्या ओढीला शेवटी नाही म्हणता येत नाही. हे तिने स्वतःवरून सांगितलं. "मी कुठे गेले? आप्पांना सोडून, तुम्हा सगळ्यांना सोडून कोण जाईल? मला नेलं." आणि एकदा आणलं की तो सोडत नाही. माणूस पडतो, भरकटतो, पण शेवटपर्यंत टिकतो, कारण हात त्याने धरलेला असतो, आपण नव्हे.

चार झाले. मी बोटं मोजत होते, तिने ते पाहिलं. पाचवा राहिला होता. तो सांगताना ती उठून खिडकीशी गेली.

"ख्रिस्त मेला तो निवडलेल्यांसाठी. सगळ्यांसाठी नाही."

मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहणं हे खोटं बोलल्यासारखं झालं असतं. "आणि आपला मुलगा?"

"माहीत नाही."

"म्हणजे काय, माहीत नाही? तुमचे ते प्रवचन करणारे पाळक काय म्हणतात?"

"ते पण तेच म्हणतात. पाण्यात शेवटच्या क्षणी काय झालं ते कुणी पाहिलंय? आशा ठेवायला मनाई नाही. खात्री मागायला आहे."

"मग प्रार्थना तरी करा त्याच्यासाठी."

"गेलेल्यांसाठी करत नाहीत आमच्यात. निकाल लागलेला असतो."

फुलाचं नाव तिला माहीत होतं, धाकटीला सांगते. तिला ते आवडायचं नाही. "त्यात फुलासारखं काही नाही," म्हणायची.

आता माझी चूक.

आपल्याकडे अवेळी गेलेल्या माणसाचं, त्यातून पाण्यात गेलेल्याचं, राहिलेलं करावं लागतं. मी शिकलेली बाई आहे, वर्गात तर्कशुद्ध निबंध लिहायला लावणारी. पण त्या मुलाला मी, सासऱ्यांना न सांगता जाऊन, पाळण्यात घातलं होतं, आणि तो तिकडे कुठेतरी ओल्या कपड्यांनी उभा आहे असं मला वाटायचं. भाजी चिरताना वाटायचं, पेपर वाचताना वाटायचं. श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीच्या घाटावर आपले गुरुजी आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, करू या. गोत्र? मी म्हटलं, वडील ख्रिस्ती. ते म्हणाले, हरकत नाही, गोत्र माहीत नसलं की कश्यप धरतात. नक्षत्र तेवढं विचारून ठेवा, संकल्पाला लागेल.

ते मला माहीत नव्हतं. तिच्या घरी पत्रिका कोण करणार?

जानेवारी होता. आम्ही दोघी मागच्या पायरीवर उन्हात अवरेचे, म्हणजे पावट्यासारख्या शेंगांचे, भिजवलेले दाणे घेऊन बसलो होतो. बोटाने दाबलं की दाणा सालातून सुटून टपकन भांड्यात पडतो. तासन्‌तास चालतं ते काम. मी मान वर न करता विचारलं, "वन्सं, त्याचं नक्षत्र कुठलं हो?"

तिचा हात थांबला नाही. पाच-सहा दाणे पडले.

"हस्त," ती म्हणाली. "चौथा चरण."

मला वाटलं होतं, ती म्हणेल माहीत नाही, किंवा म्हणेल कशाला. तिने विचारलं नाही कशाला. आणि चरणसुद्धा सांगितला! तीसहून जास्त वर्षं तो आकडा तिने कुणाला न सांगता जपला होता. मग म्हणाली, "ही सालं कोंबड्यांना देतेस की टाकतेस?" मी म्हटलं, टाकते. तेवढंच.

दोन दिवसांनी, एका जुन्या विद्यार्थिनीकडे लग्न आहे असं सांगून मी श्रीरंगपट्टणला गेले. गुरुजींनी सगळं यथासांग केलं. नदीला पाणी कमी होतं. संकल्पात त्याचं ख्रिस्ती नाव घेताना गुरुजी जरा अडखळले, मग त्यांनी ते स्वच्छ उच्चारलं. मी परत आले, आंघोळ केली, आणि दोन-अडीच महिन्यांनी पहिल्यांदा दुपारी झोपले. तो मला पुन्हा ओल्या कपड्यांत दिसला नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मला बरं वाटलं.

ती लग्नाबद्दल एक शब्द बोलली नाही. जेवण कसं होतं हेसुद्धा विचारलं नाही, आणि तिला लग्नाच्या जेवणाची चौकशी केल्याशिवाय चैन पडायचं नाही.

त्यांच्यात प्रभुभोजन वर्षातून दोनदाच असतं, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस, एका लांब टेबलाशी बसून. पण त्याआधी मंडळीतले 'वडील', म्हणजे निवडून दिलेले एक जबाबदार गृहस्थ, घरोघरी जातात, प्रत्येकाशी बोलतात, आणि ज्याचं मन तयार आहे त्याला पितळेचा एक लहान बिल्ला देतात. त्या रविवारी बिल्ला देऊन टेबलाशी बसायचं. ज्याच्याकडे नाही त्याने बाकावर बसून राहायचं. फार जुनी पद्धत आहे म्हणे, समुद्रापलीकडून आलेली. आता तिथेही फारशी उरली नसेल. या तीस-पस्तीस माणसांनी ती ठेवली होती.

एप्रिलमध्ये तिने बिल्ला मागितला नाही. "देवाला 'तुझी इच्छा होवो' असं मला अजून म्हणता येत नाही," एवढंच बोलली. ऑगस्टमध्ये पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, मी इथे आहे." मग स्वतःच विचारून घेतलं, किती महिने.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "ऑक्टोबरचं टेबल मिळेल मला. त्या वेळेपर्यंत असेन. वहिनी, मला एकदा बसायचंय."

मी तिला आयुष्यात काही मागताना पाहिलं नव्हतं. माहेर तुटलं तेव्हा नाही, नवरा गेला तेव्हा नाही. म्हणून ते वाक्य मी विसरले नाही. तिला आता बाकी काही नको होतं. मोरंबा नको, चांगला डॉक्टर नको, तुमचे बाबा अमेरिकेहून पाठवतो म्हणत होते ते औषध नको. तो एक तुकडा हवा होता.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते वडील घरी आले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, हातात छत्री, कन्नड बोलणारे. तिला 'अक्का' म्हणायचे, मला 'मॅडम'. मी कॉफी करायला आत गेले. दार उघडंच होतं.

त्यांनी विचारलं, "अक्का, मन कसं आहे?"

"तयार आहे. पण आधी एक सांगायचंय." आणि तिने सांगितलं. जानेवारीत माझ्या मुलासाठी एक विधी झाला. मला कुणी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. विधी करणाऱ्यांना एक गोष्ट लागत होती, ती मी दिली. मी थांबवू शकत होते, थांबवलं नाही.

मी ट्रे घेऊन दारात उभी. माझा चेहरा पडला असणार. ती कॉफीच्या पेल्यांकडे बघून म्हणाली, "सांडेल ते, वहिनी."

मी ट्रे ठेवला आणि त्या गृहस्थांवर घसरलेच. "हे मी केलंय. वन्संचा काही संबंध नाही. मी खोटं बोलून गेले होते."

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही तुमच्या रीतीने केलंत. तुम्हाला विचारायचा मला अधिकार नाही. मी अक्कांना विचारतोय."

"वन्संनी नुसतं नक्षत्र सांगितलं!"

"आईला तिच्या मुलाचं नक्षत्र विचारलं तर ती सांगेलच," ते म्हणाले. "प्रश्न तो नाही." मग तिच्याकडे वळले. "अक्का, तेव्हा मनात काय होतं?"

तिने पदर सारखा केला. "की काहीतरी करता येतं. देवाच्या ठरवण्याला मागून एक दार आहे आणि वहिनीला ते माहीत आहे."

त्यांनी मान हलवली. बाकीच्या वडिलांशी बोलून आठवड्याने येतो म्हणाले. बिनसाखरेची कॉफी संपवली, छत्री घेतली, गेले.

तो आठवडा मी तिच्याशी भांडले. माझ्या घरात आजारी पडलेल्या माणसाशी मी भांडले, हे लिहायला लाज वाटते. "कशाला सांगितलंत? कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली, "बिल्ला घ्यायचा तर रिकाम्या हाताने घ्यायचा असतो. हातात हे धरून कसा घेऊ?"

"मग आता पश्चात्ताप झाला म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"झालाय गं. पण ते विचारतील, पुन्हा करशील का."

आणि त्यांनी तेच विचारलं. पुढच्या बुधवारी आले, समोर बसले, बिल्ला खिशातून काढून टेबलावर ठेवला. रुपयापेक्षा लहान होता. मी या वेळी आत गेले नाही.

"अक्का, ते चुकलं असं वाटतं?"

"चुकलं."

"पुन्हा कुणी विचारलं तर?"

मी तिच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, नाही म्हणा. दोन अक्षरं आहेत, वन्सं. तुम्ही वर्गात हजार वेळा म्हणाला असाल.

"रोज विचारतं कुणीतरी," ती म्हणाली. "माझ्याच डोक्यात. आणि दर वेळी माझ्या तोंडून तेच निघतं. हस्त, चौथा चरण."

"ते नको असं मागता का देवाकडे?"

"मागते. पण खरं मागते का, ते मला कळत नाही."

मी मध्ये पडले. "तुम्हीच म्हणता ना माणूस मुळातून बिघडलेला? चांगलं कामसुद्धा स्वच्छ नसतं? मग त्या टेबलाशी बसतं तरी कोण?"

"बिघडलेलेच बसतात, मॅडम," ते म्हणाले. "फक्त पुन्हा करीन असं म्हणणारा बसत नाही. मी आज देऊ शकतो. मला द्यावासा वाटतो. पण माझ्या वाटण्यावर दिला, तर तो बिल्ला माझा होईल, त्याचा नाही."

"नका देऊ," ती म्हणाली.

त्यांनी बिल्ला उचलला. उठताना त्यांना छत्री सापडेना. ती त्यांच्या हातातच होती.

ते गेल्यावर मी म्हटलं, हा कसला धर्म, मरणाऱ्या बाईला भाकरीचा तुकडा नाकारतो. ती उशीला टेकून बसली होती, पिवळी पडलेली. म्हणाली, "ते बरोबर आहेत. दयेने बिल्ला दिला असता तर मला काय मिळालं असतं? दया मला घरीच मिळते. तुझ्याकडून. पोटभर."

रविवारी तरीही तिला जायचं होतं. जिना चढायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. प्रत्येक पायरीवर थांबायची. शेवटच्या बाकावर मी तिच्या शेजारी बसले, म्हणजे आम्ही दोघी बाहेरच्या झालो. टेबलाशी बावीस माणसं बसली. मला सवय आहे, मी मोजली. भाकरी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. आमच्यापासून आठ-दहा हातांवर. ती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. ती रडली नाही. डोळे न हलवता ताट कुठे कुठे गेलं ते बघत राहिली, जसं आपण दुसऱ्याच्या घरातलं लहान मूल जेवताना बघतो.

उतरताना म्हणाली, "बघायला मिळालं."

मी मनात म्हटलं, माझ्यामुळे. माझ्या त्या एका दुपारच्या झोपेपायी. हा विचार अजून माझ्याबरोबर आहे. तिला मी एकदा तसं म्हणून दाखवलं, तर जवळजवळ हसली. "तू फार मोठी समजतेस स्वतःला. तुझ्या हाताने मी आत जात नाही आणि तुझ्या हाताने बाहेरही पडत नाही." याला माफी म्हणायचं की अपमान, मला ठरवता आलं नाही.

त्यानंतर ती पाच आठवडे होती. दुखणं वाढलं. नर्स येऊन इंजेक्शन द्यायची. शुद्धीत असायची तेव्हा मी तिला कन्नड स्तोत्रं वाचून दाखवायची. माझे उच्चार ती सुधारायची, मला, पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला.

एका सकाळी नर्स येऊन गेल्यावर मी विचारलं, "वन्सं, आता तरी काही कळलं? त्याच्याबद्दल?"

"नाही."

"आणि तुमच्याबद्दल?"

"कधी वाटतं धरलंय त्याने. कधी काहीच नाही वाटत. वाटण्यावर नसतं ते, एवढं पाठ आहे."

"आणि तरी तुम्हाला हाच देव हवा?"

ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "निवाडा कुणीतरी करणारच ना. माझ्यापेक्षा त्याने केलेला बरा. तुझ्यापेक्षा तर फारच बरा. तू पोराला उशिरा आला म्हणून नापास केलं असतंस." मी हसले. ती हसली नाही, कारण हसलं की दुखायचं. मग तिने माझं मनगट धरलं. हाडं लागत होती.

"वहिनी, माझ्या मागे काही करू नकोस. श्रीरंगपट्टणला नको, घरात नको, पानावर भाताचं शीतसुद्धा नको. गुरुजींना फोन करू नकोस."

"बरं."

"बरं नको. वचन दे."

"आणि मला अस्वस्थ वाटलं तर?"

"तर अस्वस्थ राहा," ती म्हणाली.

मी वचन दिलं. नवऱ्याच्या आणि मुलाच्या शेजारी तिला पुरलं. त्या वडिलांनी वाचन केलं, प्रार्थना आमच्यासाठी केली, उरलेल्यांसाठी. तिच्यासाठी एक शब्द मागितला नाही. बाकीचे माती लोटत होते तेव्हा ते फाटकाशी तोंड फिरवून उभे होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

दहावा दिवस उजाडला. मी रोजच्यासारखा एकटीपुरता भात लावला, आमटी केली, आणि पहिला घास बाजूला काढायला गेलेला हात मागे घेतला. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. सासूबाईंचं केलं, सासऱ्यांचं केलं, तुमच्या आजोबांचं केलं. प्रत्येक वेळी दुःख होतं, पण हाताला काम होतं. तीळ, दर्भ, पानं, गुरुजींची यादी. या वेळी मी खुर्चीवर बसून होते आणि करण्यासारखं जगात काही नव्हतं. धाकटीने विचारलं होतं, आधार होता का. तिच्या धर्माचा सगळा भार मला त्या दिवशी कळला. तो आधार असेल तर भिंतीसारखा असतो. टेकता येतं, पण ती तुम्हाला जवळ घेत नाही.

दुपारी तुमच्या बाबांचा फोन आला. म्हणाले, "आई, इथल्या देवळात आत्याच्या नावाने काहीतरी करून घेतो. तू नको करूस, वचन तुझं आहे. माझं नाही."

मी म्हटलं, "नको."

"अगं, कुणाला कळणार आहे? आणि काय बिघडणार आहे?"

खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं, की कुणीतरी, कुठेतरी, माझ्या हातून नव्हे, ते करावं. जिभेवर आलं होतं, कर. तिचं नक्षत्र मला माहीत आहे.

"तिने मागितलंय," मी म्हटलं. "तिने आयुष्यात दोनच गोष्टी मागितल्या. एक तिला मिळाली नाही."

"बरं," बाबा म्हणाले. तुमच्यापैकी कुणीतरी मागे टीव्ही लावला, आणि तो कमी करायला कुणी सांगितलं नाही. आम्हा दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.